रविवार कोणी दिला? – कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे



आपल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. वंदनेनंतर लहान मुलांचा वर्ग असतो. मागे एकदा मी त्या वर्गात सहज विचारलं, लेकरांनो, रविवारी शाळेला सुट्टी का असते? एक पोरगं पटकन उठून म्हणालं, इंग्रजांनी दिली. दुसरं म्हणालं, सरकारनं दिली. बाकीचे गप्प. मागं बसलेल्या मोठ्या माणसांनाही त्यापेक्षा जास्त काही सांगता आलं नाही. मला त्या दिवशी वाईट वाटलं. कारण ज्या माणसानं गिरणीतल्या गोरगरिबाला रविवार मिळवून दिला, तो आपलाच माणूस होता. क्रांतिबा जोतीराव फुल्यांचा साथीदार होता. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं, त्यांच्या घरचा हा माणूस, आणि आपल्या पोरांना त्याचं नाव माहीत नाही.

स्मरणिका समितीनं मला कामगारांबद्दल काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मी ठरवलं की याच माणसावर लिहायचं. मी काही विद्वान नाही. आयुष्य लातूरच्या दाळ मिलमध्ये गेलं. जे वाचलं ते काम सुटल्यावर, वाचनालयात बसून. भाषेत चूकभूल झाली तर समजून घ्यावं.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणं फुलमाळी समाजाचं, मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. १८४८ हे साल लक्षात ठेवा. त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. म्हणजे शाळा आणि हा माणूस एकाच वयाचे.

घरची परिस्थिती बेताची. थोडंफार शिक्षण झालं, आणि पोटासाठी नोकरी धरावी लागली. आधी रेल्वे, मग टपाल खातं, आणि नंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर, म्हणजे सामानाच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा. ही नोकरी मोठी नव्हती, पण जागा मोक्याची होती. स्टोअरकीपर हा मालकाच्या ऑफिसातही जातो आणि खात्यातही जातो. साहेब काय बोलतो ते त्याला ऐकू येतं आणि कामगाराची पाठ कशी मोडते ते त्याला दिसतं. नारायणरावांनी दोन्ही पाहिलं आणि कोणत्या बाजूला उभं राहायचं ते ठरवलं.

त्या वेळची गिरणी कशी होती हे समजून घेतल्याशिवाय त्यांचं काम कळणार नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळ्याच्या बाजूला धुराड्यांचं रान उठलं. कोकण, सातारा, पुणे जिल्ह्यातून दुष्काळानं आणि सावकारानं पिळलेली माणसं तिथं येऊन पडली. गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्याच्या हिशेबानं चाले. दिवस उगवला की सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा तेरा, चौदा चौदा तास भरायचे. दुपारी जेवायला वेगळी सुट्टी नाही. चालत्या यंत्राजवळ उभ्यानं भाकरी खायची, त्या भाकरीवर कापसाची धूळ बसायची. पगार महिना उलटून गेला तरी हातात नाही. हात यंत्रात गेला तर माणूस घरी, आणि घरी बसला की पगार बंद. बाया कामाला, सात-आठ वर्षांची लेकरं कामाला.

आणि रविवार? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, कारण साहेबाला चर्चला जायचं असे. गिरणी मात्र चालू. इंग्रजांनी रविवार दिला म्हणणाऱ्या आपल्या त्या पोराला म्हणूनच सांगायचं, की बाबा, इंग्रजानं रविवार स्वतःला घेतला होता, तुझ्या पणज्याला दिला नव्हता.

जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला. नारायणराव त्याचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते झाले. त्यांना समाजाचं हे काम आणि कामगाराचं काम वेगळं वाटलं नाही. शेतात कुळकर्णी आणि सावकार लुटतो, तोच शेतकरी गाव सोडून गिरणीत आला की तिथं मुकादम आणि मालक लुटतो. माणूस तोच, लुटणारे बदलले, एवढंच.

त्या काळी दीनबंधू नावाचं पत्र होतं. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात सुरू केलं होतं. पैशाअभावी ते बंद पडलं. १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईला आणून पुन्हा चालू केलं. या कामात मुंबईतल्या तेलुगू समाजाच्या सत्यशोधक कंत्राटदारांनी मोठी मदत केली. आपण मराठवाड्यातली माणसं, नांदेड, देगलूर, बिलोलीकडं तेलुगू बोलणारे शेजारी आपल्याला नवे नाहीत. तेव्हाही जात आणि भाषा ओलांडून माणसं एकत्र आली होती, हे मुद्दाम सांगतो. दीनबंधूत शेतकऱ्याची आणि कामगाराची गाऱ्हाणी छापून येऊ लागली. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. असा तो पेपर चाळीत आणि नाक्यावर ऐकला जायचा.

१८८१ साली सरकारनं पहिला फॅक्टरी कायदा केला. पण तो फक्त लेकरांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, एवढंच. मोठ्या माणसाबद्दल आणि बायांबद्दल त्यात काही नव्हतं. म्हणून पुढं १८८४ साली सरकारनं पुन्हा चौकशी सुरू केली, तेव्हा नारायणरावांनी हेरलं की आता बोललं नाही तर कधीच नाही.

२३ सप्टेंबर आणि २६ सप्टेंबर १८८४ या दोन दिवशी त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. याच वर्षी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. देशातली कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या सभेत पाच मागण्या ठरल्या. एक, आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्वांना सुट्टी. दोन, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्य मावळला की बंद. चार, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पाच, कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे झाले. हा आकडा आज लहान वाटेल. मी स्वतः सह्यांच्या मोहिमेत फिरलेलो आहे. कामावरून काढून टाकतील या भीतीनं माणूस अंगठा मागं घेतो. एका मिलमध्ये पन्नास सह्या घेता घेता चपला झिजतात. एकशे चाळीस वर्षांपूर्वी, युनियन हा शब्दही कोणाला ठाऊक नसताना साडेपाच हजार अंगठे! त्यासाठी किती चाळी, किती जिने चढावे लागले असतील याचा विचार करा.

रविवारच का मागितला? नारायणरावांनी मालकांना सांगितलं की रविवार हा खंडोबाचा वार आहे, कष्टकऱ्याचं दैवत त्या दिवशी पुजलं जातं. आता आपण म्हणाल, हे खंडोबाचं आपल्याला काय? आपण १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि देव्हारा रिकामा केला. खरं आहे. पण आपल्याही आजा-पणज्याच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. नारायणराव लोकांना कळेल आणि मालकाला नाही म्हणता येणार नाही अशा भाषेत बोलले. साहेबाला त्याच्या देवासाठी रविवार मिळतो, तर कामगाराला का नको, हा त्यातला डाव होता. आणि मनातलं दुसरं कारण त्याहून मोठं होतं. आठवड्याचे सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, एक दिवस त्याला समाजासाठी मोकळा मिळाला पाहिजे, असा त्यांचा विचार सांगितला जातो. सुट्टी झोपायसाठी नाही, सभा घ्यायसाठी, शिकायसाठी, माणूस म्हणून जगायसाठी.

मालकांनी ऐकलं का? नाही. अर्ज कागदांच्या ढिगात गेला. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं गेली. नारायणराव मागं हटले नाहीत. मधल्या काळात मुंबईत ११ मे १८८८ रोजी जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली, त्या कामातही नारायणराव पुढं होते. १८८९ साली कामगारांचा अर्ज पुन्हा गेला, थेट गव्हर्नर जनरलकडं.

मग आला २४ एप्रिल १८९०. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. ज्या मैदानावर श्रीमंतांचे घोडे पळायचे त्या मैदानावर कापसाच्या धुळीनं भरलेली माणसं येऊन बसली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभं राहून भाषणं केली. आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं. आज माईक हातात दिला तरी आपण लाजतो, आणि त्या दोघी माईक नसताना दहा हजारांपुढं बोलल्या.

त्यानंतर दीड महिन्यात, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पहिल्या अर्जाला सहा वर्षं होत आली होती. सरकारी आयोगाच्या कामातही कामगारांची बाजू मांडायला नारायणरावांना घेतलं गेलं, आणि १८९१ सालच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायांना अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. मोठ्या पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले, त्यांना बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडलं.

नारायणराव फक्त गिरणीपुरते नव्हते. त्या काळी ब्राह्मण घरात नवरा मेला की कोवळ्या पोरीचंही डोकं भादरत. जोतीरावांच्या विचारानं १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी ठरवलं की आम्ही विधवांच्या केसाला वस्तरा लावणार नाही. त्या संपाच्या मागं नारायणराव उभे होते. हा संप पगारासाठी नव्हता. दुसऱ्याच्या लेकीबाळीच्या अब्रूसाठी कामगारांनी आपली मजुरी सोडली. जगात असे संप किती झाले असतील?

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणीत एकाच साच्याजवळ उभं राहणारे रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर गेले. नारायणरावांनी सगळ्या जातीधर्मांच्या लोकांचा मेळा राणीच्या बागेत भरवला आणि माणसं पुन्हा शेजारी बसवली. सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. पण पदवी मिळाली म्हणून ते बंगल्यात जाऊन बसले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ज्याला गाव होतं तो गावाकडं पळाला. नारायणराव रोग्यांच्या सेवेला राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगनं त्यांना नेलं. वय ४८-४९. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. एका महिन्यात चळवळीची दोन माणसं एकाच कारणानं गेली.

थोरांच्या जीवनावर लिहिताना नुसत्या आरत्या ओवाळू नयेत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली. नारायणरावांच्या संघटनेला सभासदांची वही नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. सगळं त्या एका माणसावर होतं. माणूस गेला आणि संघटनाही गेली. कामगारांच्या पक्क्या युनियन व्हायला पुढं वीस-पंचवीस वर्षं लागली. आपल्यातही हेच होतं. एक नेता असतो, तो असेपर्यंत बोर्ड असतो. पावतीपुस्तक, हिशेब, बैठकीची वही या गोष्टी कंटाळवाण्या असतात, पण त्याच टिकतात.

दुसरी गोष्ट आपल्या काळजाची आहे. त्या पाच मागण्यांत गिरणीतल्या अस्पृश्य कामगाराचं वेगळं गाऱ्हाणं नव्हतं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागतो आणि आपल्या ओठाचा विटाळ होतो. धुळीच्या, कमी पगाराच्या खात्यात मात्र आपण चाललो. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कामगार एक आहे म्हणणाऱ्यांनी आधी विणकाम खात्याचं दार उघडावं, असा त्यांचा आग्रह होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. पुढं १९४२ ते १९४६ मजूर मंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करायचं काम हाती घेतलं. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास होते, १९४६ च्या दुरुस्तीनं ते ४८ झाले. नारायणरावांनी एक दिवस सोडवला, बाबासाहेबांनी उरलेल्या सहा दिवसांचे तास कमी केले आणि विटाळाचाही हिशेब मागितला. गाडा तोच, पुढच्या माणसानं आणखी पुढं ओढला.

आणि याच्याही मागं जाऊन बघा. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला जो उपदेश केला, त्यात मालकानं कामगाराशी कसं वागावं ते सांगितलं आहे. त्याच्या ताकदीप्रमाणं काम द्यावं, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर त्याला वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. पाच गोष्टी आहेत. नारायणरावांच्या पाच मागण्या त्याच्याशेजारी ठेवून वाचा. सुट्टी, मजुरी, दुखापतीत सांभाळ, झेपेल एवढंच काम. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी मालकाचं कर्तव्य म्हणून जे सांगितलं, ते कामगाराला सह्या गोळा करून मागावं लागलं.

आता आपल्याकडचं बोलतो. माझे मामा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. लहानपणी मी त्यांच्याकडं जायचो तेव्हा भोंग्यावर सगळं गाव उठायचं. मामाचा रविवार म्हणजे आंघोळ, पांढरा सदरा, विहार आणि समाजाची बैठक. ती मिल बंद पडली, भोंगा गेला. मी लातुरात एका दाळ मिलमध्ये रोजंदारीवर लागलो. जितके दिवस काम तितकी हजेरी. कागदावर आम्हाला आठवड्याची सुट्टी होती. पण सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी नाही, म्हणजे आमच्या भाषेत तो खाडा. घरात दोन लेकरं शाळेत, म्हातारी आजारी. मग खाडा कोण करणार? तुरीची भुशी नाकातोंडात घेत मी वर्षानुवर्षं रविवारी उभा राहिलो. आपल्या विहाराचं बांधकाम चालू असताना मी मोजकेच रविवार श्रमदानाला आलो, याची मला आजही लाज वाटते. बाकीच्यांनी माझ्या वाट्याच्या विटा उचलल्या.

आज आपल्या वस्तीतली पोरं कंत्राटावर जातात. कोणी सिक्युरिटीला, कोणी मॉलमध्ये, कोणी पुण्याला चाकणच्या कंपनीत, कोणी गाडीवर घरोघर पार्सल पोहोचवायलेत. त्यांना विचारलं, बाबा रविवारी वंदनेला का येत नाहीस, तर म्हणतात, काका, रविवारीच काम जास्त असतंय. २०२५ साली आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे कमाल तास नऊवरून बारा करायला मान्यता दिली. याची चर्चा आपल्या विहारात झाली नाही. विहार रिकामा दिसतो म्हणून आपण तरुणांना नावं ठेवतो. पण त्यांचा रविवार कोणी नेला हे आपण विचारत नाही.

टपाल खात्यात नोकरी केलेल्या या माणसाचं टपाल तिकीट भारत सरकारनं २००५ साली काढलं. चांगली गोष्ट आहे. पण तिकीट चिकटवून आपलं काम संपत नाही.

वर्धापन दिनाच्या निमित्तानं माझी विहार समितीला नम्र सूचना आहे. एक, दरवर्षी १० जूनला मुलांच्या वर्गात नारायणराव लोखंड्यांची माहिती सांगावी. दोन, वस्तीतल्या कंत्राटी, रोजंदारी आणि घरकाम करणाऱ्या भाऊबहिणींची एक वही करावी. कोण कुठं कामाला आहे, सुट्टी मिळते का, पगार किती तारखेला होतो, पीएफ कापतात का, हे लिहून काढावं. मी त्यासाठी घरोघर फिरायला तयार आहे. सुरुवात माझ्या गल्लीपासून करतो. साडेपाच हजार अंगठे एका दिवसात झाले नव्हते.

आणि ज्यांना रविवार मिळतो, त्यांनी तो वाया घालवू नये. सकाळी पांढरे कपडे घालून लेकराचं बोट धरून विहारात यावं. वाटेत लेकरानं विचारलं, रविवार कोणी दिला, तर आता उत्तर माहीत आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!